मेक्सिकन कथा-कादंबरी मराठीत आणताना

टीपकागद

हुआन रुल्फोच्या 'पेद्रो पारामो' या कादंबरीचं पहिलंच वाक्य घ्या. 'कोमालाला आलो, कारण मला सांगितलं होतं की इथं माझा बाप राहतो, कोणी पेद्रो पारामो.' मूळ स्पॅनिशमध्ये 'आका' आहे, म्हणजे इकडे, इथं. मार्गारेट सेयर्स पेडेन यांच्या १९९४ च्या इंग्रजी भाषांतरात त्याचं 'तिथं' झालं. डग्लस वेदरफर्ड यांनी २०२३ मध्ये 'इथं' परत आणलं. हे सांगणारा निवेदक हुआन प्रेसिआदो कुठून बोलतोय ते या एका शब्दावर ठरतं. 'तिथं' म्हटलं की माणूस गावाहून परतला आणि आता निवांत हकीकत सांगतोय असं वाटतं. 'इथं' म्हटलं की तो अजून कोमालातच आहे. निम्मी कादंबरी झाल्यावर कळतं की तो मेलाय, तिथल्याच मातीत पुरलाय आणि कबरीतल्या सोबतिणीशी बोलतोय. रुल्फोनं हे पहिल्या ओळीतच ठेवून दिलंय. मराठीत फक्त इंग्रजी समोर ठेवून काम केलं तर ते आपल्या हाती येईल की नाही, हे कुठली इंग्रजी प्रत मिळाली यावर अवलंबून राहतं.

धागा काढायचं कारण हेच. मेक्सिकन गद्य मराठीत आणणारे किंवा आणू पाहणारे लोक इथं आहेत, त्यांनी नेमके प्रश्न आणि नेमके उपाय लिहावेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: स्पॅनिश कच्चं असलं तरी मूळ प्रत टेबलावर उघडी हवी. बोली आवाजाच्या बाबतीत मराठीकडे अशी साधनं आहेत जी इंग्रजीकडे नाहीत, पण मूळ पाहिलं नाही तर ती कुठं वापरायची हेच कळत नाही.

पहिली पायरी प्रत ठरवण्याची. रुल्फोचा कथासंग्रह 'एल यानो एन यामास' १९५३ मध्ये फोंदो दे कुल्तुरा एकोनोमिका या प्रकाशनानं काढला, तेव्हा त्यात १५ कथा होत्या. १९७० मध्ये दोन नव्या आल्या आणि 'पासो देल नोर्ते' गळली. पुढं तीही परत आली आणि आकडा १७ झाला. जॉर्ज शेड यांचं १९६७ चं इंग्रजी भाषांतर १५ कथांचंच आहे. त्यावरून काम केलं तर दोन कथा सरळ सुटतात. रुल्फोपुरतं बोलायचं तर फुंदासिओन हुआन रुल्फोनं तपासलेली, एदितोरियाल आर एमनं छापलेली संहिता धरावी. 'पेद्रो पारामो'त प्रकरणं नाहीत, नुसत्या मोकळ्या जागेनं वेगळे केलेले तुकडे आहेत, आणि कुठला तुकडा कुठं तुटतो हे आवृत्तीगणिक थोडं बदलतं. मराठी प्रत जुळवणाऱ्याला प्रत्येक मोकळी जागा खूण करून द्या. नाहीतर तो पानाच्या शेवटी आलेली जागा खाऊन टाकतो, दोन तुकडे जोडले जातात आणि वाचक २० वर्षं मागं गेलाय हे त्याला कळतच नाही.

खडूफळा

टीपकागद, 'इंग्रजीकडे नसलेली साधनं' यावर एक जागा तपशिलात दाखवते. रुल्फोची 'नो ओयेस लाद्रार लोस पेर्रोस' (कुत्र्यांचं भुंकणं तुला ऐकू येत नाही का). म्हातारा बाप जखमी पोराला खांद्यावर घेऊन रात्रीचा तोनाया गावाकडं चाललाय. पोरगा दरोडेखोर, खुनी. कथेच्या सुरुवातीला बाप त्याला 'तू' म्हणतो: वर बसलायस इग्नासिओ, काही ऐकू येतंय का बघ. मग राग उकळायला लागतो आणि बाप 'तू' सोडून 'उस्तेद'वर, म्हणजे 'तुम्ही'वर जातो. हे सगळं तुमच्यासाठी करत नाही, तुमच्या मेलेल्या आईसाठी करतोय. तुमच्यातलं माझं रक्त मी शापलंय. आणि अगदी शेवटच्या दोन वाक्यांत, गाव आल्यावर, कुत्री भुंकताना ऐकू आल्यावर, तो परत 'तू'वर येतो.

इंग्रजीत सगळीकडं एकच सर्वनाम. इंग्रजी वाचणाऱ्याला बापानं पोराला तोडलं कधी आणि परत जवळ घेतलं कधी हे दिसत नाही. मराठीत तू आणि तुम्ही तयार आहेत. पण एक धोका आहे. आपल्याकडं चिडलेला बाप पोराला 'तुम्ही मोठे साहेब झालात आता' असं म्हणतो ते टोमणा म्हणून. रुल्फोचा बाप टोमणा मारत नाही, तो नातं काढून घेतोय. म्हणून 'तुम्ही'च्या वाक्यांतून टोमण्याची सगळी खूण काढावी लागते: 'बरं का', 'हो ना', 'साहेब', 'चिरंजीव', 'पुत्र' यातलं काही नको. 'कारण तुम्ही तिचे चिरंजीव' हे कुचकट वाचलं जातं. 'कारण तुम्ही तिचा मुलगा होतात' हे सपाट आहे, आणि तेच हवं. वाक्यं आखूड ठेवा, क्रियापद शेवटी, पूर्णविराम. मूळही तसंच आहे.

दुसरं म्हणजे 'तू'वर परतण्याच्या जागी 'तू' लिहिलेलंच पाहिजे. मराठीत क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून आपण सर्वनाम गाळतो. 'आणि ऐकू येत नव्हती का, इग्नासिओ?' इथं सर्वनामच नाही, त्यामुळं बदल हरवतो. 'आणि तुला ऐकू येत नव्हती का, इग्नासिओ?' असंच हवं. स्पॅनिशमध्येही सर्वनाम गाळता येतं, तरी रुल्फोनं त्या ओळीत 'तू' (योगायोगानं उच्चारही तोच) लिहिलंय.

भाषांतर सुरू करण्याआधी संपूर्ण कथेतला प्रत्येक संवाद 'तू' की 'उस्तेद' अशी खूण करून वाचावा. दोन रंगांच्या पेन्सिली पुरतात. 'पेद्रो पारामो'साठी हे फारच गरजेचं, कारण कोण कोणाशी बोलतंय हे कित्येक ठिकाणी फक्त त्यावरूनच ठरतं.

अक्षरवेल

'पेद्रो पारामो'तली अजून एक जागा, इथं उलट मराठीच अडचण करते. स्पॅनिशमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. मराठीत आलो-आले, होतो-होते. हुआन प्रेसिआदो कबरीत ज्या व्यक्तीशी बोलतोय तिला तो आधी 'दोरोतेओ' या पुरुषी नावानं हाक मारतो. ती म्हणते, माझं नाव दोरोतेआ आहे, पण काय फरक पडतो. म्हणजे हे वाक्य येईपर्यंत बोलणारी बाई आहे हे वाचकाला कळता कामा नये.

सुदैवानं मराठी भूतकाळ इथं मदतीला येतो. सकर्मक क्रियापद कर्त्याच्या लिंगावर जात नाही: 'मी तुला चौकात पाहिलं', 'आम्ही दोघांनी तुला ओढत नेलं' यात बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष हे उघड होत नाही. 'मला तू सापडलास' हेही चालतं. गाडी अडते ती 'मी तिथं होतो / होते', 'मी गेले', 'मी बोलतेय' अशा अकर्मक आणि चालू काळातल्या रूपांवर. ती सगळी वळवून 'मला', 'माझ्याकडून', 'माझ्या शेजारी' अशा रचनेत न्यायची, किंवा भविष्यकाळात न्यायची. 'सांगीन'ला लिंग नाही.

गावातल्या कुजबुजीचे जे निनावी आवाज कादंबरीभर येतात त्यांनाही हेच लागू. कादंबरीचं आधीचं नावच 'लोस मुर्मुयोस', म्हणजे कुजबुजी, असं होतं. आवाज कुणाचा ते माहीत नसणं हा तिचा पाया आहे, आणि मराठी क्रियापद तो पाया नकळत फोडतं. पहिला खर्डा झाल्यावर फक्त 'होतो, होते, आलो, आले, गेलो, गेले' एवढेच शब्द शोधून तपासण्याची एक फेरी स्वतंत्र काढावी.

नवीन_वाचक

सगळ्यांचे आभार, फार कामाचं आहे हे. माझा प्रश्न: स्पॅनिश बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालंय, रुल्फो शब्दकोश घेऊन वाचता येतो पण बोलीतलं सुटतं. अशा वेळी इंग्रजीवरून करून मुळाशी ताडून पाहणं बरं, की कोणी स्पॅनिश जाणणारा सोबत घेऊन करणं? आणि हक्कांचं काय?

टीपकागद

दोन्ही रस्ते चालतात, पण दुसरा जास्त भरवशाचा, आणि त्याला मोठी परंपरा आहे. मेक्सिकन कवी ओक्ताविओ पाझ यांना जपानी येत नव्हतं. जपानी कवी बाशोचं प्रवासवर्णन त्यांनी एइकिची हायाशिया यांच्यासोबत स्पॅनिशमध्ये आणलं, ते १९५७ मध्ये 'सेंदास दे ओकू' म्हणून निघालं. उलट दिशेनं, पाझ यांनीच निवडलेल्या मेक्सिकन कवितांचं संकलन सॅम्युएल बेकेटनं युनेस्कोच्या कामासाठी इंग्रजीत आणलं, ते १९५८ चं. बेकेटचं स्पॅनिश जेमतेम होतं, त्यानंही मित्राची मदत घेतली.

जोडीनं काम करायचं तर कामाची वाटणी अशी: स्पॅनिश जाणणाऱ्यानं शब्दशः कच्चा मजकूर द्यायचा, वाक्यागणिक, मराठी कशीही असो, आणि शेजारी शेरे: इथं बोली, इथं शिवी, इथं उस्तेद, इथं प्रार्थनेतले शब्द. मराठी करणाऱ्यानं त्यावरून लिहायचं. मग दोघांनी मिळून वाचायचं, एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मराठी. या शेवटच्या वाचनात वाक्याची लांबी कुठं बिघडली ते लगेच कळतं.

शब्दकोश तीन लागतील. एल कोलेहिओ दे मेहिकोचा 'दिक्सिओनारिओ देल एस्पान्योल दे मेहिको', जालावर फुकट आहे आणि मेक्सिकोतल्या वापरावरच उभा आहे. स्पेनच्या अकादमीचा कोश दुय्यम ठेवा, त्यात मेक्सिकन अर्थ पुष्कळदा शेवटी असतो आणि घाईत पहिलाच अर्थ घेतला जातो. नाहुआत्ल या तिथल्या मूळच्या भाषेतून आलेल्या शब्दांसाठी मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा जालावरचा 'ग्रान दिक्सिओनारिओ नाहुआत्ल'. आणि जुन्या शब्दांसाठी फ्रान्सिस्को सांतामारिया यांचा 'दिक्सिओनारिओ दे मेहिकानिस्मोस', १९५९ चा.

हक्कांबद्दल: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रुल्फो १९८६ मध्ये गेला, म्हणजे २०४६ संपेपर्यंत परवानगी लागणार. इंग्रजीवरून केलंत तर त्या इंग्रजी भाषांतरावर दुसरा हक्क असतो, म्हणजे दोन परवानग्या. हे बरेच जण विसरतात आणि पुस्तक तयार झाल्यावर प्रकाशकाकडं अडकतं. परवानगीसाठी पत्र अनुवादकानं नव्हे, प्रकाशकानं पाठवायचं. सोबत अंदाजे प्रती, किंमत, भाषा आणि कुठं विकणार ते लिहायचं. मेक्सिकोच्या संस्कृती खात्याची 'प्रोत्राद' ही भाषांतराला अर्थसाहाय्य देणारी योजना आहे, तिथंही प्रकाशकाचा अर्ज आणि हक्कांचा करार लागतो. वर्षाची घोषणा कधी निघते त्यावर लक्ष ठेवा, मुदत थोडी असते.

मानधन ठरवताना मूळ शब्दसंख्येवर ठरवा, मराठी शब्दसंख्येवर नको. मराठीत उपपदं नाहीत, विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळं शब्द कमी भरतात आणि काम तेवढंच असतं.

खडूफळा

नवीन_वाचक, हक्क मोकळे असलेल्या मजकुरावर हात बसवायचा तर मारिआनो आसुएला घ्या. १९५२ मध्ये गेले, त्यामुळं भारतात त्यांचं लेखन २०१३ पासून मुक्त आहे. 'लोस दे आबाहो' ही मेक्सिकन क्रांतीवरची कादंबरी १९१५ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो शहरातल्या स्पॅनिश वृत्तपत्रात क्रमशः आली होती. आसुएला स्वतः क्रांतीतला सेनानी पांचो व्हिया याच्या बाजूच्या तुकडीत डॉक्टर होते. वाक्यं तुटक, संवाद भरपूर, प्रकरणं आखूड. रामोन लोपेस बेलार्दे (मृत्यू १९२१) आणि आल्फोन्सो रेयेस (मृत्यू १९५९) हेही मोकळे. रेयेस यांची 'ला सेना' ही कथा लहान आहे, सरावाला उत्तम.

आसुएलात एक पथ्य: खेडूत शिपाई आणि शिकलेला लुईस सेर्वांतेस यांच्या बोलण्यातला फरक हीच कादंबरीची गंमत आणि तिचं दुखणंही. सेर्वांतेस पुस्तकी बोलतो. त्याला प्रमाण, थोडी संस्कृताळलेली मराठी द्या, बाकीच्यांना बोलकी.

मधली_सुट्टी

बोलकी म्हणजे कुठली? वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी?

खडूफळा

कुठलीच नाही. माणदेशी किंवा वऱ्हाडी घेतली की रुल्फोच्या हालिस्को राज्यातला शेतकरी त्या तालुक्यातला होतो आणि नावं मात्र परकी राहतात. शिवाय रुल्फोनं उच्चाराप्रमाणं मोडकं लिहिलेलं नाही. त्याची बोली शब्दांच्या निवडीत आहे, पुनरुक्तीत आहे, आणि काय बोलायचं सोडलं त्यात आहे. मराठीत त्यासाठी अनुस्वारी रूपं पुरेशी आहेत: इथं, सांगितलं, बसलाय, जायचंय. त्याला गावाकडचे पण कुठल्या एका जिल्ह्याला न चिकटलेले शब्द जोडायचे: पाणवठा, खोपटं, कुंपण, पारोसा, ढेकूळ. 'किंवा', 'परंतु', 'तथापि' हे बाहेर. 'म्हणून' कमीत कमी.

'माकारिओ' या कथेवर हात आजमावून बघा. गटाराजवळ बेडकांची वाट बघत बसलेल्या मुलाचं स्वगत, एका दमात, एकच परिच्छेद. तिथं एक जरी 'त्यामुळे' आलं तरी मुलाच्या तोंडचं वाटत नाही. मुलगा कारणं देत नाही, एकामागोमाग एक गोष्टी ठेवत जातो.

अक्षरवेल

नावांच्या लिप्यंतराचा विषय निघाला नाही अजून, तो इथंच निकालात काढू या, कारण प्रकाशकाकडं यावर सर्वांत जास्त वेळ जातो.

मेक्सिकन स्पॅनिशमध्ये 'त' आणि 'द' दंत्य आहेत, तेव्हा ट-ड नको: मार्तीनेस, मादेरो, दोलोरेस. इंग्रजीच्या सवयीनं 'पेड्रो' लिहिलं जातं, 'पेद्रो' करा. 'झेड' आणि इ-ए पूर्वीचा 'सी' दोन्ही 'स': सापाता, सेर्वांतेस. (स्पेनमध्ये वेगळा उच्चार आहे, पण आपण मेक्सिकोत आहोत.) 'जे' म्हणजे ह: हुआन, हालिस्को, होसे. 'एच' मुका: एर्नान, इदाल्गो. दुहेरी 'एल' म्हणजे य: यानो, कास्तियो. 'व्ही' आणि 'बी' दोन्ही ब, पण 'पांचो व्हिया' मराठीत रुळलंय, तसंच असू द्यावं. लोकांना ओळखीचं असलेलं एखादं रूप राहू दिलं तर बिघडत नाही, फक्त पुस्तकभर एकच ठेवा.

'एक्स' सर्वांत त्रासदायक, कारण तो कधी ह, कधी स, कधी श, कधी क्स. वाहाका, मेहिको, हालापा यात ह. सोचिमिल्को, तास्को, त्लास्काला यात स. मेक्सिको सिटीतलं शोला यात श. नियम शोधू नका, नाव ऐका.

आणि 'दोन'. हा मराठीचाच खास पेच. आदरार्थी 'दोन पेद्रो' लिहिलं की वाचक दोन पेद्रो शोधतो. 'डॉन पेद्रो' लिहिलं की मुंबईचा गुन्हेगार डोळ्यासमोर येतो. 'दॉन' लिहिणं हा मार्ग बरा. मात्र कादंबरीत पेद्रो पारामोला भिणारे लोक 'दॉन पेद्रो' म्हणतात आणि न भिणारे नुसतं 'पेद्रो', तेव्हा हा शब्द गाळून चालणार नाही, 'पेद्रोसाहेब' करूनही चालणार नाही. बाईसाठी 'दोन्या' घ्या, तिथं घोटाळा होत नाही.

टीपकागद

'दॉन'ला माझाही कौल.

वस्तूंबद्दल थोडं. 'कोमाल' म्हणजे तवा, पूर्वी मातीचा. कोमाला हे गावाचं नाव त्याला जोडून वाचलं जातं, आणि पहिल्याच काही पानांत खेचरं हाकणारा आबुन्दिओ सांगतो की हे गाव धगीवर आहे, नरकाच्या तोंडाशी. म्हणून एका ठिकाणी तरी वाचकाला कोमाल म्हणजे तवा हे कळायला हवं. तळटीप न देता स्वयंपाकघराच्या एखाद्या वाक्यात 'कोमालच्या तव्यावर' असं दुहेरी लिहून ते साधतं. 'मेताते'ला पाटा म्हणता येईल, पण तो तीन पायांवर उतरता असतो आणि त्यावर भिजवलेला मका वाटतात, तेव्हा 'मक्याचा पाटा' लिहा. 'पेताते' ही ताडाच्या पातीची चटई, चटई पुरे. 'मिल्पा' म्हणजे नुसतं मक्याचं शेत नव्हे, मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात, त्यामुळं मिल्पा शब्द ठेवून पहिल्यांदा तीन पिकं सांगून टाका. टॉर्टियाला भाकरी करू नका. वाचकाला टॉर्टिया माहीत आहे, आणि भाकरी म्हटलं की ज्वारी-बाजरी ताटात येते.

नात्यांमध्ये 'कोम्पाद्रे' मोठी अडचण. मुलाचा बाप आणि मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी धरणारा पालक यांचं एकमेकांशी असलेलं नातं. 'व्याही' साफ चूक, 'मित्र' अपुरं. कोम्पाद्रेला मारणं हे पाप दुप्पट. 'दिलेस के नो मे मातेन' या कथेत हुबेन्सिओ नाबा आपल्या कोम्पाद्रेलाच, दॉन लुपे तेर्रेरोसला, मारतो, कारण त्यानं गुरांना चारा नाकारला. खडूफळांनी सांगितलेल्या कथेतही तेच: इग्नासिओनं बापाच्या कोम्पाद्रेला, त्रांकिलिनोला मारलंय, आणि बाप लगेच पुढं म्हणतो, ज्यानं तुमचा बाप्तिस्मा केला, तुम्हाला नाव दिलं. म्हणजे रुल्फो स्वतःच अर्थ देतो, शब्द तसाच ठेवायचा. गोव्यातल्या ख्रिस्ती वाचकाला बाप्तिस्म्यातून जुळणारी नाती ओळखीची असतात, त्याला हे चटकन पोचेल.

रानवाट

रुल्फोच्या पुढं यावं म्हणून लिहितेय. फेर्नांदा मेल्चोर यांची 'तेम्पोरादा दे उराकानेस' (२०१७), सोफी ह्यूज यांच्या इंग्रजी भाषांतरानं २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत पोचलेली. बेराक्रूस राज्यातलं एक गाव, चेटकीण म्हणवल्या जाणाऱ्या व्यक्तीचा खून, आणि एकेक प्रकरण जवळजवळ एकाच परिच्छेदाचं. वाक्यं पानभर.

मराठीत लांब वाक्य म्हटलं की आपला हात '-ऊन'कडं जातो: येऊन, बसून, बघून, म्हणून. ते इथं फसतं. '-ऊन'ला कर्ता एकच लागतो, आणि मेल्चोर वाक्याच्या मध्ये तीनदा कर्ता बदलतात. बोलणारा वेगळा, बोलण्यातला माणूस वेगळा, आणि त्याची आई मध्येच शिव्या देते. म्हणून पूर्ण क्रियापदं स्वल्पविरामांनी जोडा. माझ्या मनानं एक नमुना: 'पोरं कालव्यापाशी आली, पुढच्यानं मूठ वर केली, सगळी जागीच थांबली, मागून धाकट्यानं विचारलं काय झालं, कुणी उत्तर दिलं नाही, वास मात्र आता सगळ्यांना आला होता.' कर्ता सहा वेळा बदलला तरी वाचक हरवत नाही, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतःचं क्रियापद आहे. असं वाक्य कुठं मोडावं? मुळात पूर्णविराम असेल तिथंच. मध्ये मोडलं की श्वास मिळतो, आणि त्या पुस्तकात वाचकाला श्वास मिळू नये हाच हेतू आहे.

गावगप्पांसाठी मराठीकडं 'म्हणे' आहे. 'ती म्हणे मेलीच नाही.' मेक्सिकन स्पॅनिशमधलं 'दिस्के' नेमकं हेच काम करतं, आणि 'म्हणे' वाक्यात कुठंही बसतं, गती मोडत नाही. पण मेल्चोरच्या एका प्रकरणात 'दिसेन के' (लोक म्हणतात की) हे वाक्याच्या सुरुवातीला मंत्रासारखं परत परत येतं. तिथं 'म्हणे' नको, 'म्हणतात' वाक्याच्या आरंभीच हवं, नाहीतर पुनरावृत्तीचा ठोका ऐकू येत नाही.

शिव्यांबद्दल: सौम्य करू नका आणि जातिवाचक शिवी कधीही वापरू नका. मराठीत जोरकस शिवी शोधताना जातीचं नाव पटकन जिभेवर येतं. ते मुळात नाही, आणि वापरलं तर पुस्तकात एक नवा अन्याय घुसतो. आई-बहिणीवरून, लैंगिक, बायकी म्हणून हिणवणाऱ्या अशा शिव्यांचे मुळात वेगवेगळे थर आहेत. त्यांची यादी करून प्रत्येक थराला मराठीत एकच जोडी ठरवा, म्हणजे पात्रागणिक शिवी ओळखू येईल.

मधली_सुट्टी

यूरी एर्रेरांच्या 'सेन्यालेस के प्रेसेदेरान आल फिन देल मुंदो'बद्दल कोणी सांगेल का? त्यात घडवलेलं क्रियापद आहे ना?

रानवाट

'हार्चार'. मध्ययुगीन अंदालुसियातल्या अरबी-हिब्रू कवितेच्या शेवटी रोमान्स (लॅटिनमधून निघालेल्या) बोलीतल्या ज्या ओळी येत त्यांना 'हार्चा' म्हणत, अरबीत त्याचा अर्थ बाहेर पडणं. एर्रेरांनी त्यावरून 'निघणं' या अर्थाचं क्रियापद केलं. सीमा ओलांडायला निघालेली माकिना प्रत्येक ठिकाणाहून 'हार्चा' करते. लिसा डिलमन यांनी इंग्रजीत कवितेशी संबंधित शब्दालाच क्रियापद केलं. मराठीत 'निघाली' लिहिलं की काहीच उरत नाही. माझा प्रस्ताव 'उंबरली', उंबऱ्यावरून. पहिल्यांदा आलेल्या वाक्यात दार असेल तर अर्थ आपोआप लागतो.

अक्षरवेल

रानवाट, 'उंबरली' ऐकायला छान आहे, पण 'उंबर' झाडही आहे, आणि त्यात कवितेचा धागा सुटतो. अभंगाच्या शेवटच्या ओळीकडं बघता येईल का? तिथं कवी नाव घालून बाहेर पडतो. रूप अजून सापडलं नाही. काहीही घ्या, पण आधी पुस्तकभर हा शब्द कुठं कुठं आलाय ते सगळं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक वाक्यात घालून पाहा: भूतकाळ, नकार, आज्ञार्थ. आज्ञार्थात कित्येक घडवलेले शब्द कोसळतात.

टीपकागद

हयात लेखकांच्या बाबतीत विचारायची सोय आहे आणि मेक्सिकन लेखक या बाबतीत मोकळे आहेत, कारण त्यातले बरेच स्वतः अनुवादक. ही परंपरा जुनी आहे: दिवंगत सेर्हिओ पितोल यांनी पोलिशमधून गोंब्रोविच आणि इंग्रजीतून हेन्री जेम्स, कॉनरॅड आणले. दिवंगत होसे एमिलिओ पाचेको यांनी एलियटच्या 'फोर क्वार्टेट्स'वर काम केलं. क्रिस्तिना रिवेरा गार्सा यांनी बहिणीच्या खुनावरचं पुस्तक स्पॅनिशनंतर स्वतःच इंग्रजीत लिहिलं, त्याला २०२४ चं पुलित्झर मिळालं. वालेरिया लुइसेयी यांची 'ला इस्तोरिया दे मिस दिएन्तेस' तर हुमेक्स रस कारखान्यातल्या कामगारांसाठी हप्त्यांनी लिहिली गेली. कामगार वाचून चर्चा करत, तिचं ध्वनिमुद्रण लेखिकेकडं जाई आणि पुढचा हप्ता त्यावरून घडे. इंग्रजी आवृत्तीत अनुवादिका क्रिस्टिना मॅकस्वीनी यांनी लिहिलेला कालपट हे एक अख्खं प्रकरण आहे.

तरी प्रश्न विचारायची रीत असते. एकेक प्रश्न पाठवू नका. पहिला खर्डा पूर्ण करा, मग एकच तक्ता: पान, ओळ, मूळ वाक्य, तुम्हाला दिसणारे दोन अर्थ आणि त्यातला तुम्ही निवडलेला. 'याचा अर्थ काय?' असं विचारलं तर लेखक दोन पानं लिहितो आणि नेमकं उत्तर त्यात नसतं. 'अ की ब?' विचारलं की एका शब्दात मिळतं. शब्दकोशात सापडणारी एकही गोष्ट त्या तक्त्यात नको.

नवीन_वाचक

कवितेपैकी मराठी वाचकाला जवळचं असं काही?

खडूफळा

पाझ. १९६२ ते १९६८ दिल्लीत राजदूत होते, मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोच्या चौकात २ ऑक्टोबर १९६८ ला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा त्यांनी पद सोडलं. 'लादेरा एस्ते' (१९६९) या संग्रहात घारापुरीवर कविता आहे, 'दोमिंगो एन ला इस्ला दे एलेफांता'. शिव-पार्वतीला हाक मारणारी. तिथं 'एलिफंटा' न लिहिता 'घारापुरी' लिहावं का यावर मतभेद होऊ शकतो. मी शीर्षकात एलेफांता ठेवीन, कारण पाझ बोटीनं आलेला पाहुणा आहे आणि त्यानं हेच नाव ऐकलंय. आतल्या ओळींत मात्र देवांची नावं आपल्याच रूपात येऊ द्यावीत, 'पार्बाती' वगैरे नको. हक्क २०५८ अखेरपर्यंत आहेत, तेव्हा छापायचं तर पत्र लिहावं लागेल.

अक्षरवेल

तळटिपांवर एक सूचना. रुल्फोला तळटीप शून्य, कारण वाचक गावात हरवलाच पाहिजे. आसुएलाला सुरुवातीला एक पान: क्रांतीतले मादेरो, उएर्ता, कार्रान्सा, व्हिया, सापाता, कोण कोणाच्या बाजूनं आणि कोणत्या वर्षी. पाचेकोंच्या 'लास बातायास एन एल देसिएर्तो'ला (१९८१) मात्र मागं शब्दसूची हवीच, त्यात १९४० च्या दशकातल्या मेक्सिको सिटीची रेडिओ मालिका, मोटारी, जाहिराती यांची नावं ओळीओळीला आहेत. तिथं आकडे घालू नका, पानाच्या क्रमानं सूची द्या. पाचेको आपली पुस्तकं पुन्हा पुन्हा सुधारत असत, त्यामुळं कुठल्या वर्षाच्या आवृत्तीवरून केलं ते श्रेयपानावर छापा.